ओर्ताच्या ग्रंथातील मिरी

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे भारतीय औषधींवरील संवाद गोव्यात १५६३ साली छापून निघाले. त्यांची वाखाणणी पुष्कळ होते; आम्ही त्यांतील मिरीच्या संवादाची उलटतपासणी करू इच्छितो.

रुआनो हा कल्पित वैद्य जुन्या आचार्यांची वचने पुढे करतो व ओर्ता ती खोडतो. काळी मिरी, पांढरी मिरी व पिंपळी ही एकाच झाडाची फळे, हे युरोपातील जुने मत. पिंपळीचे झाड निराळे, असे ओर्ता ठामपणे सांगतो. आणि ते खरे आहे. परंतु पांढऱ्या मिरीपाशी हाच साक्षीदार घसरतो. तिची वेल वेगळी असून तो भेद तेथल्या रहिवाशांनाच कळतो, असे तो लिहितो. वस्तुतः वेल एकच. हिरवा दाणा सालीसकट वाळविला की काळी मिरी, पिकलेल्या दाण्याची साल काढली की पांढरी. ऐकीव पुराव्याचा जो दोष तो आचार्यांस देतो, तोच येथे त्याच्या पदरी येतो.

आचार्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. अर्स्टेडने १८१९ साली मिरीतून पायपेरिन वेगळे केले. पिंपळीचा तिखटपणाही त्याच द्रव्याचा. झाडाविषयी चुकलेल्यांची जीभ चुकली नव्हती! पायपेरिन व मिरचीतील कॅप्सेसिन ही दोन्ही मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकास चेतवितात, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ओळखला. सुमारे ४३ अंश सेल्सियसवरील उष्णतेनेही तोच जागा होतो. मिरीस 'उष्ण' म्हणणाऱ्या आपल्या वैद्यांना हे ठाऊक होते, असा डौल मात्र कोणी मिरवू नये. त्यांनी अनुभव नोंदविला, कारण नव्हे.

मिरचीला या ग्रंथात स्वतंत्र संवाद नाही. अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेल्या या पाहुणीला मराठीत मिरची व कोकणीत मिरसांग ही नावे मिरीवरूनच मिळाली. श्राद्धाच्या पानात पुष्कळ घरी अजूनही मिरचीस मज्जाव आहे, मिरीस नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही थबकलो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, असे ओर्ता या ग्रंथात कबूल करतो. त्याला निर्भय वाटलेल्या याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसले होते. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून अग्नीत टाकली गेली.