व्हान्सच्या भिंतीवरील क्रूसाची वाट

थोर कलावंताच्या उतारवयातील कृतींविषयी लिहिताना टीकाकाराचा सूर नकळत हळवा होतो. हात थकले, देह खाटेला खिळला, तरी काम थांबले नाही, असे कौतुक होते. कृती चांगली की सामान्य, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. फ्रेंच चित्रकार आन्री मातीस (१८६९–१९५४) यांच्या अखेरच्या पर्वाचे असेच झाले आहे.

१९४१ साली लिओं येथे आतड्याच्या कर्करोगावर त्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे आयुष्य बरेचसे बिछान्यात आणि चाकांच्या खुर्चीत गेले. रंगवलेले कागद ते कात्रीने कापीत व सहायकांकडून भिंतीवर टाचून घेत. त्या काळी कित्येकांनी याला म्हाताऱ्याचा पोरखेळ म्हटले. पुढे वारे फिरले. २०१४ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये हेच कागद पाहण्यास पाच लाखांहून अधिक लोक गेले. (न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६१ साली त्यांपैकी एक, ‘नौका’, सत्तेचाळीस दिवस उलटी टांगलेली होती. चाहत्यांचीही दृष्टी कधी कधी तपासावी लागते.) पूर्वी आजार हा दोष ठरला, आता तोच अलंकार ठरतो. वस्तुस्थिती अशी की, १९३० नंतर अमेरिकेतील बार्न्स यांच्यासाठी भित्तिचित्र करताना, म्हणजे धडधाकट असतानाच, मातीस यांनी आकार जुळविण्यासाठी कापलेले कागद वापरले होते. कात्री काही आजारपणाने त्यांच्या हाती दिली नाही.

आमच्या मते या पर्वाची खरी कसोटी कागदांत नसून दक्षिण फ्रान्समधील व्हान्स येथील पवित्र जपमाळेच्या प्रार्थनामंदिरात आहे. १९४२ साली मातीस यांची शुश्रूषा करणारी एक तरुणी पुढे डोमिनिकन धर्मभगिनी झाली. तिच्याशी असलेल्या स्नेहातून हे काम उभे राहिले आणि १९५१ च्या जूनमध्ये मंदिराचा अभिषेक झाला. पिवळ्या, हिरव्या, निळ्या काचांतून जमिनीवर उतरणाऱ्या प्रकाशाची स्तुती सर्वच करतात. ती योग्यच आहे. पण मागच्या भिंतीवरील क्रूसाच्या वाटेपाशी आले की हेच लोक चटकन पुढे सरकतात.

आम्हीही सरकलो होतो. सेमिनरीत असताना तिचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा वाटले, ही तर घाईत केलेली टिपणे! पांढऱ्या फरशांवर काळ्या, ओबडधोबड रेषा. चौदाही स्थाने एकाच भिंतीवर गर्दी करून. शेजारी हाताने लिहिलेले आकडे. आपल्या देवळांतील रंगीत, सुबक पुतळ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते रुचणे कठीणच होते.

मत बदलले ते त्यांची पूर्वतयारी पाहून. जुन्या आचार्यांच्या चित्रांचा अभ्यास करून मातीस यांनी कोळशाने कितीतरी रेखाटने केली होती, आणि ती डौलदार आहेत. तेव्हा डौल त्यांच्या हातून सुटला नव्हता. त्यांनी तो सोडला. आधी मिरवणुकीसारखी शिस्तीत मांडलेली स्थाने त्यांनी मोडली आणि सर्वांची एकच वाट केली. ती खालून निघते, नागमोडी वळत वर चढते, आणि वर मधोमध क्रूसावरचा प्रभू आहे. लांब बांबूला ब्रश बांधून त्यांनी या रेषा ओढल्या.

गेली कित्येक वर्षे उपवासकाळात आम्ही लोकांसमवेत क्रूसाची वाट करीत आलो. एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जाताना मधल्या चार पावलांत मन इकडेतिकडे भटकते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. व्हान्सच्या भिंतीवर ती चार पावले नाहीत. एक पतन डोळ्यांआड होण्यापूर्वीच दुसरे समोर येते. यांपुढे गुडघे टेकणे कठीण जाईल, असे कोणी म्हणाले तर आम्ही नाकारणार नाही. परंतु तो आक्षेप चित्रकाराच्या दुबळेपणावर घेता येत नाही. सहाव्या स्थानी व्हेरोनिकेच्या वस्त्राकडे पाहावे. बाकीच्या आकृती चेहऱ्यावाचून सोडणाऱ्या या हाताने तिथे, त्या कापडावर, प्रभूचे डोळे काढले आहेत.