प्रश्नाचे शब्द आणि उत्तराचे माप : फिलिप कॉन्व्हर्स यांच्या निबंधाची चिकित्सा

लोकशाहीत ‘लोकांचे मत’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. परंतु ते मत मोजायचे कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेत या प्रश्नाची चर्चा फिलिप कॉन्व्हर्स यांच्या १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाला टाळून पुढे जाऊ शकत नाही. जनसामान्यांच्या विचारव्यवस्थांचे स्वरूप हा या निबंधाचा विषय आहे. मिशिगन विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्राने १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये घेतलेल्या मुलाखती हा त्याचा आधार होय.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. राजकीय नेत्यांची मते एकमेकांशी बांधलेली असतात. एक मत कळले की दुसऱ्याचा अंदाज करता येतो. सामान्य नागरिकांत ही बांधणी फारच सैल आढळते. १९५६ मध्ये लोकांना दोन्ही पक्षांचे व उमेदवारांचे गुणदोष विचारण्यात आले आणि त्यांच्या उत्तरांची पाच वर्गांत विभागणी करण्यात आली. विचारसरणीच्या भाषेत बोलणारे केवळ २.५ टक्के निघाले, तर त्यांच्या जवळपास जाणारे ९ टक्के. ४२ टक्के लोकांनी समूहाच्या हिताच्या आधारे उत्तर दिले, २४ टक्क्यांनी काळ बरा की वाईट एवढेच पाहिले, उरलेल्या २२.५ टक्के लोकांच्या उत्तरांत धोरणाचा मुद्दाच नव्हता. शिवाय त्याच व्यक्तींना दोन-दोन वर्षांनी तोच प्रश्न विचारला असता अनेकांची उत्तरे बदललेली दिसली. वीज आणि घरबांधणी ही क्षेत्रे खाजगी व्यावसायिकांकडे सोपवावीत काय, या प्रश्नावर तर बहुतेकांची उत्तरे चिठ्ठी टाकून दिल्यासारखी वाटावीत इतकी अस्थिर होती. यावरून कॉन्व्हर्स यांनी असा निष्कर्ष काढला की, अनेकांना अशा विषयांवर मतच नसते. प्रश्न विचारला गेला म्हणून ते उत्तर देतात.

या निबंधाचे मोल नाकारता येणार नाही. प्रत्येक नागरिकाला प्रत्येक विषयावर मत असतेच, हे जनमत चाचण्यांचे गृहीतक त्याने मोडीत काढले. तथापि त्याच्या मोजपट्टीबाबत दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप श्रेणीरचनेचा. ‘हा पक्ष आमच्या लोकांसाठी बरा’ असे म्हणणारा नागरिक या रचनेत विचारसरणीची भाषा बोलणाऱ्याच्या खाली येतो. या मुलाखती झाल्या तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात मतदानही करता येत नव्हते. मतदान हक्क कायदा झाला तो १९६५ मध्ये. ज्याचा हक्कच समूहाच्या नावाने हिरावला गेला, त्याने समूहाच्या हिताचा विचार करणे यात बौद्धिक उणीव कोणती? कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवरील मते इतर मतांपेक्षा तुलनेने अधिक स्थिर असल्याचे खुद्द कॉन्व्हर्स यांनीच नोंदविले आहे. ही नोंद त्यांच्या श्रेणीरचनेलाच प्रश्न विचारते.

दुसरा आक्षेप भाषेचा. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे बोलका ठरतो. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी काय, असे विचारले असता ६२ टक्के लोकांनी ‘देऊ नये’ असे सांगितले. त्याच भाषणांवर बंदी घालावी काय, असे दुसऱ्या गटाला विचारले तेव्हा ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच भरले. तर्काच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे एकच. भाषेच्या दृष्टीने मात्र नव्हेत. मराठीतील ‘परवानगी न देणे’ आणि ‘बंदी घालणे’, किंवा उर्दूतील ‘इजाज़त न देना’ आणि ‘पाबंदी लगाना’ यांतही हेच अंतर आहे. पहिल्यात संमतीचा अभाव आहे, दुसऱ्यात सत्तेचा हात दिसतो. येथे लोक गोंधळलेले नव्हते. ते शब्द नीट ऐकत होते.

ख्रिस्तोफर एकन यांनी १९७५ मध्ये हाच धागा संख्याशास्त्राच्या मार्गाने पुढे नेला. उत्तरांतील चढउताराचा मोठा भाग प्रश्नांच्या संदिग्धतेमुळे येतो आणि मोजमापातील ही चूक वजा केल्यास मते बरीच स्थिर दिसतात, असे त्यांनी दाखविले. परंतु सारा दोष प्रश्नावर टाकणे हेही एकांगी होईल. वीज आणि घरबांधणी यांविषयी विचार करण्याची वेळच ज्याच्यावर आली नाही, त्याचे अज्ञान शब्द सुधारल्याने दूर होत नाही. जॉन झॅलर यांचा १९९२ मधील ग्रंथ या दोन टोकांमधील वाट दाखवितो. माणसाच्या मनात एकाच विषयावर परस्परविरोधी विचार वावरत असतात. प्रश्न त्यांपैकी काहींना वर आणतो आणि त्या क्षणी वर आलेल्या विचारांवरून उत्तर ठरते, असे ते मानतात. म्हणजे मत तिजोरीत ठेवलेल्या नाण्यासारखे नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. अमेरिकेतील सर्वेक्षणांचे आकडे मराठीत येतात तेव्हा प्रश्नाचे मूळ शब्द बहुधा गळून पडतात. ‘लिबरल’ या शब्दाचेच उदाहरण घेता येईल. ‘उदारमतवादी’ म्हटले की मराठी विद्यार्थ्याला रानडे-गोखले यांचा सनदशीर मार्ग आठवतो. अमेरिकन व्यवहारात मात्र रूझवेल्ट यांच्या काळापासून हा शब्द प्रामुख्याने सरकारी कल्याणकारी योजनांच्या समर्थकांसाठी रुळला आहे. हा फरक न सांगता ‘इतके टक्के उदारमतवादी’ असे फळ्यावर लिहिणे म्हणजे आकडा बरोबर आणि अर्थ चूक.

कॉन्व्हर्स यांनी नागरिकांच्या मर्यादा दाखवून दिल्या. मोजणाऱ्याच्या मर्यादा त्यांनी तितक्या कठोरपणे तपासल्या नाहीत. म्हणून हा निबंध शिकवताना टक्केवारीच्या आधी प्रश्न वाचून दाखवावा. कोणी विचारले, कोणत्या शब्दांत विचारले आणि कोणती उत्तरे खुली ठेवली, हे समजल्यावाचून लोकांच्या अज्ञानाबद्दल निवाडा देणे न्यायाचे होणार नाही.