वेव्ह फाइलचा पूर्वेतिहास कोण तपासतो?

रेडिओ केंद्रात प्लेआउटसाठी फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "वेव्ह ठेवा, क्वालिटी चांगली." तुम्ही बोलीभाषा, लोकसंगीत किंवा माध्यमांवर संशोधन करणार असाल आणि केंद्राचा संग्रह ही तुमची सामग्री असेल, तर या उत्तरावर थांबू नका. त्यासाठी आज एक मानक समीक्षेच्या नजरेने वाचू: युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा १९९७ चा ब्रॉडकास्ट वेव्ह फॉरमॅट.

आधी त्याचं श्रेय. या मानकाने साध्या वेव्ह फाइलला माहितीचा एक कप्पा जोडला. वर्णन, निर्माता, तारीख, वेळ आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे ‘कोडिंग हिस्टरी’: हा आवाज कोणकोणत्या रूपांतरांतून इथवर आला त्याची नोंद. प्रश्न अचूक विचारलाय, याबद्दल वाद नाही.

आता उणिवा बघा. पहिली: याच मानकाच्या पुरवणीनुसार वेव्हच्या आत एमपेग, म्हणजे काटछाट केलेला आवाजही ठेवता येतो. त्या काळी गरज खरी होती. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे ११.५ एमबी लागतात. २५६ केबीपीएसच्या एमपी-२ ला १.९ एमबी. डिस्क तेव्हा महाग होती. पण परिणाम असा की ‘डॉट वेव्ह’ या शेपटावरून आत काय आहे ते कळत नाही.

दुसरी उणीव जास्त गंभीर. कोडिंग हिस्टरी भरणं सॉफ्टवेअरच्या आणि माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडलंय. एमपी-२ फाइल उघडा, पीसीएम वेव्ह म्हणून सेव्ह करा. आकार सहापट होतो, इतिहासाचा रकाना कोराही राहू शकतो. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही, पण फाइल मात्र तसं भासवते.

तिसरी: वर्णनाचा रकाना २५६ अक्षरांचा, तोही आस्की. म्हणजे देवनागरीला नियमाने जागाच नाही. गायिकेचं नाव, गाव, ओवीचा प्रकार रोमन लिपीत कोंबायचा. मग ‘ळ’ होता की ‘ल’, हे पुढच्या संशोधकाने ओळखायचं!

"एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं जातच नाही, मग एवढं कशाला?" हा आक्षेप तुम्हाला ऐकावा लागेल. त्यात अर्धं तथ्य आहे. एमपी-२ किंवा एमपी-३ मोठ्या आवाजाच्या सावलीत लपणारा बारीक तपशील टाकून देतात. पण प्लेआउटनंतर प्रोसेसर बारीक आवाज वर उचलतो, इंटरनेट प्रसारणासाठी पुन्हा एन्कोडिंग होतं, आणि पहिली सावली हलते. लपलेले दोष उघडे पडतात. म्हणून काटछाट व्हायचीच असेल तर ती एकदाच, साखळीच्या शेवटी व्हावी.

जागाच नसेल तर? रेडिओवाल्यांची एमपी-२ ची सवय निव्वळ जुनाट नाही. त्याची प्रत्येक चौकट ११५२ नमुन्यांची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २४ मिलिसेकंदांची, आणि स्वतंत्र असते. एमपी-३ ची चौकट आधीच्या चौकटींतली माहिती उसनी घेऊ शकते, त्यामुळे मधेच कापणं अवघड. प्लेआउट सॉफ्टवेअर वाचत असेल तर फ्लॅक उत्तम: आवाज जसाच्या तसा परत मिळतो, जागा कमी लागते, आणि मूळ आवाजाची पडताळणी-संख्याही फाइलमध्ये ठेवता येते. पण तीही एवढंच सांगते की दिलेला आवाज बदललेला नाही. दिलेला आवाज आधीच छाटलेला होता का, ते तिलाही ठाऊक नसतं.

तेव्हा तुम्ही काय कराल? केंद्राकडून फाइलसोबत तिचा प्रवास मागा: कशावर रेकॉर्ड झाली, कितीदा रूपांतर झालं. स्पेक्ट्रोग्राम काढा. ठरावीक वारंवारतेवर सरळ रेषेत कापलेला आवाज दिसला तर संशय घ्या. तो पुरावा मात्र समजू नका, कारण मूळ प्रसारणाची मर्यादाही तशीच दिसते. प्रवास कळला नाही तर पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहा, आणि ‘स’-‘श’ च्या घर्षणासारखी उंच वारंवारतेची मोजमापं त्या फाइलवर करू नका. मार्गदर्शक विचारतील त्याआधी हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला बरा.