शब्द मोजले, ओझे मोजायचे राहिले

प्रौढांना इंग्रजी शिकवायचे तर सुरुवातीला किती शब्द पुरेत? सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडून उत्तर दिले : ८५०. त्यांत वस्तू व कल्पनांची नावे ६००, गुणवाचक शब्द १५० आणि वाक्य चालवणारे शब्द १००.

ही काटकसर फसवी आहे. ‘पुट’, ‘अप’, ‘विथ’ हे तिन्ही शब्द यादीत आहेत. पण ‘पुट अप विथ’ म्हणजे ‘सहन करणे’, हे तिघांच्या अर्थांची बेरीज करून कळत नाही. ते वेगळे शिकावे लागते. यादी आखूड झाली, ओझे हलके झाले नाही. बंगालमध्ये वाचनमालांवर काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी सहकाऱ्यांसह १९३४ मध्येच या योजनेची कठोर चिकित्सा केली होती.

वाचनात आणखी एक अडचण येते. ‘थ्रू’, ‘दो’, ‘कॉफ’, ‘इनफ’ हे चारही शब्द यादीतलेच. चौघांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच अक्षरे, उच्चार मात्र चार. देवनागरी वाचायची सवय असलेला प्रौढ इथे हमखास अडखळतो. शब्द निवडताना अर्थ पाहिला, स्पेलिंग नाही.

रिचर्ड्स आणि गिब्सन यांच्या १९४५ च्या चित्रमय पुस्तकाचा पायाही बेसिक इंग्लिशच. पण तिथे साध्या रेखाचित्राशेजारी छोटे वाक्य येते आणि पुढचे वाक्य आधीच्यावर उभे राहते. बळ यादीत नाही, क्रमात आहे. प्रौढांसाठी पाठ लिहिणाऱ्याने शब्दांबरोबर अर्थ आणि उच्चारही मोजावेत.