टिळकांच्या लेखात हरवलेले खाल्डियन

लोकमान्य टिळकांचा ‘खाल्डियन आणि भारतीय वेद’ हा इंग्रजी निबंध 1917 साली डॉ. रा. गो. भांडारकरांच्या गौरवग्रंथात आला. अथर्ववेदात सापाचं विष उतरवण्याचा मंत्र आहे. त्यातले तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला हे शब्द संस्कृतातून नीट उलगडत नाहीत. टिळक त्यांचा माग काढत बॅबिलोनला पोचतात. तैमात म्हणजे तिथल्या सृष्टिकथेतली तिआमत, असं ते मांडतात.

या निबंधाचं धाडस मला आवडतं. देशातला इतका मोठा राष्ट्रीय नेता वेदांत परके शब्द आहेत असं सरळ म्हणतो. उलट दिशेनेही शब्द गेले, हे दाखवायला तो ‘यहोवा’ वैदिक ‘यह्व’शी जोडतो. तिथे मात्र पुरावा नुसत्या ध्वनिसाम्यावर उभा आहे, आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसत नाही.

पण माझी मुख्य तक्रार शीर्षकातल्या ‘खाल्डियन’ शब्दाबद्दल आहे. सुमेरी, अक्कादी, बॅबिलोनी असं सगळं त्या काळी युरोपात या एका नावाखाली जाई. जॉर्ज स्मिथने निनवेच्या असिरियन ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्यांवर 1876 साली पुस्तक लिहिलं, त्यालाही हेच नाव दिलं. टिळकांनी तीच सवय उचलली. तिआमतची कथा इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातली मानतात. खाल्डियनांचा पहिला उल्लेख मात्र इ.स.पू. 878चा, तोही असिरियन राजाच्या लेखात.

हे लोक राहायचे आजच्या दक्षिण इराकमध्ये, जिथे युफ्रेटिस आणि तैग्रिस दलदलीत, बोरूंच्या बेटांत पसरतात. बीत-याकीन, बीत-दक्कूरी, बीत-अमुकानी या त्यांच्या मोठ्या टोळ्या. ‘बीत’ म्हणजे घर. बीत-याकीनचा मर्दुक-अपला-इद्दिना इ.स.पू. 721मध्ये बॅबिलोनच्या गादीवर बसला आणि 710पर्यंत टिकला. 703मध्ये तो परत आला, तेव्हा असिरियाच्या सेनाखेरीबने त्याला हरवलं. सेनाखेरीबचे लेख सांगतात की सैनिकांनी पाच दिवस दलदल धुंडाळली, पण तो सापडला नाही. पुढे तो देवांच्या मूर्ती आणि पूर्वजांची हाडं जहाजांत घालून समुद्रापार गेला. मायभूमी सोडताना काय न्यायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि हेही आपल्याला त्याच्या शत्रूमुळे कळतं.

पुढचं साम्राज्य नेबुखद्नेझरचं. त्या घराण्यालाही खाल्डियन म्हणतात, पण त्याचा बाप नबोपोलस्सर स्वतःला ‘कुणाचाच मुलगा नाही’ असं म्हणवून घेई. इ.स.पू. 539मध्ये इराणी आले आणि सत्ता गेली. मग ग्रीक-रोमनांच्या तोंडी ‘खाल्डियन’ म्हणजे ज्योतिषी झाला. लोकांचं नाव धंद्याचं नाव बनलं.

ते अजून तसंच आहे. ‘खाल्डियन न्यूमरॉलॉजी’ची रील तुम्हीही पाहिली असेल: नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए वाढवा, नशीब पालटेल. खाल्डियनांकडे ए-बी-सी-डी नव्हतीच. रीलवाल्याची आणि टिळकांची बरोबरी मी करत नाही. टिळकांनी मूळ मंत्र आणि कोश चाळले होते. पण दोघांच्याही ‘खाल्डियन’ शब्दात ती माणसं नाहीत.

निबंध जरूर वाचा. फक्त ‘खाल्डियन’ दिसेल तिथे ‘बॅबिलोनी’ असं वाचा. टिळकांचा प्रश्न तसाच राहतो, आणि दलदलीतल्या लोकांना त्यांचं नाव परत मिळतं.