घर विकावं की नाही, हे भांडण पडद्यावर कधी येणार?

नेटफ्लिक्सवर 'जेंटेफाइड' ही मालिका फेब्रुवारी २०२० मध्ये आली आणि दोन पर्वांनंतर, जानेवारी २०२२ मध्ये, ती बंद करत असल्याचं जाहीर झालं. मराठी प्रेक्षकांत तिची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ती पाहताना सतत मुंबईतला खारदांडा कोळीवाडा आठवत होता.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडे बॉइल हाइट्स ही मेक्सिकन लोकांची जुनी वस्ती आहे. तिथे मोरालेस आजोबांचं टाकोचं छोटं दुकान आहे आणि दुकानाला त्यांच्या दिवंगत पत्नीचं नाव आहे. वस्तीत पैसेवाले येऊ लागतात, भाडं चढतं, आजोबांचं भाडं थकतं. तीन नातवंडं दुकान वाचवायला धडपडतात. इतकं ऐकल्यावर आपण दुष्ट घरमालकाची वाट पाहू लागतो, पण मालिकेतलं खरं भांडण घरातच पेटतं. शेफ होऊ पाहणारा नातू नव्या गिऱ्हाइकासाठी टाकोत टिक्का मसाला भरायला निघतो. चित्रकार नात एका दुकानाच्या भिंतीवर दोन कुस्तीगीर पुरुषांच्या चुंबनाचं चित्र काढते. पैसे देतो ती इमारत विकत घेणारा श्रीमंत कलारसिक. चित्र उत्तम आहे, धाडसीही आहे, पण त्यापायी दुकानवाल्या बाईचं रोजचं गिऱ्हाईक तुटतं. पुढे आजोबांचं दुकान बाहेरच्यांना वस्तीतलं खाणं दाखवत फिरवणाऱ्या सहलीत सामील होतं, तेव्हा दारात निदर्शनं करायला वस्तीतलीच पोरं उभी राहतात. प्रत्येकाचं थोडं बरोबर आहे आणि प्रत्येकाच्या हातून कुणाचं तरी नुकसान होतं. हे सगळं हसत-हसवत सांगितलं आहे. मालिका कधी कधी भाषणं करते, दुसरं पर्व पहिल्याइतकं घट्ट नाही, तरी तिने निवडलेला पेच खरा आहे.

हाच पेच आपल्याकडे शोधायचा तर खारदांड्याइतकी योग्य जागा नाही. एका बाजूला कार्टर रोड आणि पाली हिल, दुसऱ्या बाजूला जुहू, समोर समुद्र, मध्ये कोळ्यांचं जुनं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन पाट्या समोरासमोर आल्या तर एकीने थांबायचं. वलांडीवर सुकणारे बोंबील आणि त्यापलीकडे काचेच्या इमारती एकाच नजरेत मावतात. सिनेमा-मालिकांत काम शोधायला आलेली मुलंमुली अशाच घरांत वरची खोली भाड्याने घेतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घर चालतं ते बऱ्याचदा या भाड्यावर. म्हणजे ज्यांच्या येण्याने गाव महाग होतं, त्यांच्याच पैशावर गावातलं घर टिकतं. त्यात प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, खाली चार भाऊ, तीन लग्न झालेल्या बहिणी, आणि प्रत्येक मजला वेगळ्या पिढीने चढवलेला. पुनर्विकासाचा कागद आला की सही कोण करणार? विनोद आणि शोकांतिका दोन्ही या एका प्रश्नात आहेत.

आपल्या कलांनी हा प्रश्न हाताळलाच नाही, असं मी म्हणणार नाही. घर गमावण्याची कथा मराठीने फार ताकदीने सांगितली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने चाळीला हसत हसत निरोप दिला आणि शेवटच्या 'चिंतना'त ते हसू थांबवलं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वाडा आतूनच खचतो. जयंत पवारांचं 'अधांतर' मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतं. १९८२चा गिरणी संप, बंद पडलेलं भविष्य, एका खोलीत आई आणि तिची चार मुलं. त्या नाटकात गिरणीमालक रंगमंचावर येतही नाही. भावंडं एकमेकांना ओरबाडतात आणि त्यातूनच गिरणगावाचं काय झालं ते कळतं. २०१०च्या 'लालबाग परळ' या त्यावरच्या सिनेमाने गोळीबार आणि गुंडगिरी पुढे आणली. नाटकातली कोंडी त्यात पातळ झाली.

सिनेमाला खलनायक लागतो, ही आपली जुनी अडचण आहे. 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (२००९) मध्ये मराठी माणसाच्या घरावर बिल्डर डोळा ठेवतो. सिनेमा तुफान चालला, कारण लोकांच्या मनातला राग खरा होता. पण त्या रागाने एक गोष्ट झाकली गेली. बिल्डरशी बोलणी करणाऱ्यांत घरचाच कुणीतरी असतो, आणि तो नेहमी गद्दार नसतो. त्याला मुलीचं शिक्षण करायचं असतं, आईसाठी घरात संडास हवा असतो, बोटीचं कर्ज फेडायचं असतं. 'मुळशी पॅटर्न'ने (२०१८) निदान एवढं दाखवलं, की जमीन विकणारा बाप कुटुंबाचा शत्रू नसतो. तरी तो सिनेमाही शेवटी कोयत्याकडेच वळला.

सईद मिर्झांचा 'मोहन जोशी हाजिर हो!' (१९८४) याला सन्माननीय अपवाद. मोडकळीला आलेल्या चाळीतलं म्हातारं जोडपं मालकावर खटला भरतं आणि वकील, कोर्ट, शेजारी या सगळ्यांचा हास्यास्पद कारभार उघडा पडतो. हसता हसता घशाशी आवंढा येतो. असा सिनेमा मराठीत व्हायला हवा होता.

अलीकडे दोन कामांनी माझी आशा वाढवली. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री मिळवलं. त्यात छाया कदम यांनी केलेली पार्वती ही इस्पितळात स्वयंपाक करणारी कोकणातली विधवा आहे. चाळ पाडली जाणार, पण तिच्या नावावर एकही कागद नाही. ती आणि तिची मैत्रीण रात्री टॉवरच्या जाहिरातीवर दगड मारतात आणि हसतात. काही क्षणांचं ते दृश्य आहे. हरलेल्या बाईचा खट्याळपणा छाया कदम यांनी असा दाखवला आहे, की भाषणाची गरजच उरत नाही. दुसरं काम सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' हा माहितीपट. २०२३ मध्ये त्याला सनडान्सचा विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. मुंबईतले दोन कोळी मित्र. एक किनाऱ्याजवळ जुन्या पद्धतीने मासे धरतो. परदेशात शिकून आलेला दुसरा खोल समुद्रात एलईडी दिव्यांनी मासळी ओढायला निघतो. दोघांचं प्रेमही खरं आणि वादही खरा. कोळी माणसाला कोळीगीतातून आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीतून बाहेर काढून कर्जात, मैत्रीत, घरातल्या बाळंतपणात पाहिलेलं मी पडद्यावर क्वचितच अनुभवलं होतं.

आता आपली दूरचित्रवाणी. 'चिमणराव गुंड्याभाऊ'पासून २००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'पर्यंत मराठीत कौटुंबिक विनोदी मालिकेची उत्तम परंपरा होती. 'टिपरे'त तीन पिढ्या एका घरात राहतात, आजोबा दैनंदिनी लिहितात, आणि आठवड्याला एक भाग असल्यामुळे प्रत्येक भागात एक छोटी गोष्ट पुरी होते. पुढे रोजच्या मालिका आल्या. रोज भाग द्यायचा तर लिहायला वेळ नाही, बाहेर चित्रीकरणाला वेळ नाही, म्हणून बंगल्याचा दिवाणखाना आणि स्वयंपाकघर. अशा मालिकांचे कितीतरी बंगले मढला आहेत, आणि मढ हाही कोळीवाडाच. कॅमेरा बंगल्याच्या फाटकापर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. कोळीण आलीच तर नऊवारी, पाटी, भांडखोर बोलणं आणि एक नाच. तिची बोलीही चार ठरलेल्या शब्दांत उरकतात. हे मला मनापासून खटकतं, कारण या शहरात विनोदाची इतकी तयार जीभ दुसऱ्या कुणाकडे नाही.

गोष्टींचाही तुटवडा नाही. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं. त्यांची मागणी १६० मीटरची होती. भरतीच्या वेळी बोट खांबांमधून कशी काढायची हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत, त्यांनी ते अभियंत्यांना पटवायचं, या एका प्रसंगावर तीन भाग उभे राहतील. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम खारदांड्यासमोरच्या समुद्रात चालू आहे, त्यामुळे हा विषय शिळाही झालेला नाही.

लेखक कोण, हा मुद्दाही यात येतो. बॉइल हाइट्सवरच्याच 'विदा' (२०१८ ते २०२०) या मालिकेत तान्या साराचो यांनी सगळे लेखक लॅटिन अमेरिकी वंशाचे घेतले होते. म्हणून त्या मालिकेत परत आलेल्या मुलीची लाज आणि न गेलेल्या मुलीचा राग या दोन्ही बाजू आतून लिहिल्या गेल्या. खारदांड्यातली कॉलेजात शिकणारी मुलगी पहाटे आईबरोबर बंदरावर जाते आणि संध्याकाळी कार्टर रोडच्या कॅफेत काम करते, तिची कथा मढच्या बंगल्यात बसून सुचणार नाही.

वाहिन्यांनी आणि ओटीटीवाल्यांनी दूरदर्शनच्या काळासारखी तेरा भागांची साप्ताहिक मालिका पुन्हा करून पाहावी. चित्रीकरण कोळीवाड्यात करावं, गावाला त्याचे पैसे द्यावेत, आणि लेखनात खारदांडा, वेसावे, मढ इथली निदान तीन-चार मुलंमुली पगारावर घ्यावीत. नट आपल्याकडे आहेत, विनोदाची परंपराही आहे. गावठाणांचा आणि कोळीवाड्यांचा पुनर्विकास आता सुरूच होतो आहे. प्रॉपर्टी कार्डावरच्या सह्या व्हायच्या आत ही मालिका लिहायला घ्या.