अपंगत्वाची बेरीज : अमेरिकन माजी सैनिकांच्या भरपाईचे एक कोष्टक

सेवेत असताना सैनिकाच्या शरीराची वा मनाची जी हानी होते तिचे मोल पैशांत कसे ठरवावे, हा प्रश्न प्रत्येक आधुनिक राज्यसंस्थेपुढे उभा राहिलेला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी त्याला दिलेले उत्तर टक्केवारीच्या भाषेत आहे. एकच इजा असेल तर ही भाषा समजण्यास कठीण नाही. इजा एकाहून अधिक असल्या की मात्र तिचे व्याकरण बदलते. ५० टक्के व ३० टक्के अशी दोन अपंगत्वे असलेल्या माणसाचे एकूण अपंगत्व ८० टक्के होत नाही. ते ६५ होते आणि ६५ चे पुढे ७० धरले जातात. तेथील माजी सैनिकांत हे खात्याचे स्वतंत्र गणित म्हणून उपहासाचा विषय होऊन बसले आहे. या उपहासात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या व्यवस्थेचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळात सापडते. ऑक्टोबर १९१७ मध्ये युद्धजोखीम विम्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि भरपाईचा पाया म्हणून ‘अर्जनक्षमतेची सरासरी हानी’ हे तत्त्व स्वीकारले गेले. ‘सरासरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वादकाचे बोट गेले काय आणि कारकुनाचे गेले काय, कायद्याच्या दृष्टीने दोघांची हानी सारखीच. आजही आधारभूत असलेले मूल्यांकन-परिशिष्ट १९४५ चे असून ते १ एप्रिल १९४६ पासून अमलात आले. मध्यंतरी त्याच्या निरनिराळ्या प्रकरणांत पुष्कळ फेरफार झाले, परंतु सांगाडा तोच राहिला. १० पासून १०० पर्यंत दहा श्रेणी असाव्यात हे कायद्यानेच सांगितलेले आहे. त्या श्रेणींपर्यंत अनेक इजांना कोणत्या वाटेने न्यावयाचे, ते नियमांतील संयुक्त मूल्यांकनाचे कोष्टक सांगते.

या कोष्टकामागील विचार असा की, मनुष्य आरंभी शंभर टक्के कार्यक्षम असतो. सर्वांत मोठ्या इजेने त्यातील काही भाग जातो. दुसरी इजा उरलेल्या भागावर आघात करते, तिसरी त्याहूनही उरलेल्या भागावर. ६० टक्क्यांच्या इजेनंतर ४० टक्के कार्यक्षमता शिल्लक राहते. पुढची इजा ३० टक्क्यांची असेल तर ती या ४० चे ३० टक्के, म्हणजे १२, घेऊन जाते. उरतात २८, म्हणजे संयुक्त अपंगत्व ७२, आणि जवळच्या दशकाला आणून ७०. ६०, ४० व २० अशा तीन इजा असतील तर प्रथम ७६, मग ८१ आणि शेवटी ८० असा प्रवास होतो. थोडक्यात, ही बेरीज नसून शिल्लक क्षमतांचा गुणाकार आहे.

सकृद्दर्शनी जाचक वाटणाऱ्या या पद्धतीचे समर्थन करता येते, आणि ते केलेच पाहिजे. साधी बेरीज स्वीकारली तर दहा-दहा टक्क्यांच्या अकरा किरकोळ इजांनी मनुष्य एकशे दहा टक्के अपंग ठरेल. अर्जनक्षमता शंभर टक्क्यांहून अधिक गमावता येत नाही, हे कोणालाही मान्य व्हावे. शिवाय टक्के कमी होतात म्हणून पैसेही त्याच प्रमाणात कमी होतात, हा समज खरा नाही. १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार, कुटुंबात कोणी अवलंबून नसलेल्या माजी सैनिकाला १० टक्क्यांसाठी महिना १७५.५१ डॉलर, ३० साठी ५३७.४२, ५० साठी १,१०२.०४ आणि ७० साठी १,७५९.१९ डॉलर मिळत. म्हणजे ५० व ३० या दोन इजांची रक्कम वेगवेगळी दिली असती तर १,६३९.४६ डॉलर झाली असती. संयुक्त ७० टक्क्यांमुळे ती सुमारे १२० डॉलरांनी वाढते. दहा-दहा टक्क्यांच्या दहा इजांचे कोष्टकानुसार ६५, म्हणजे ७० होतात. दहा वेगळ्या रकमांची बेरीज १,७५५.१० डॉलर येते, आणि ७० टक्क्यांचा दर त्याहून चार डॉलर जास्तच आहे. मधल्या श्रेणींत दराचा चढ टक्केवारीच्या उताराला बव्हंशी भरून काढतो, हे टीकाकारांच्या सहसा ध्यानात येत नाही. ३० टक्क्यांपासून पत्नी, मुले व अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी वाढीव रक्कमही सुरू होते, ती निराळीच.

खरा पेच वरच्या टोकाला आहे. ८० टक्क्यांचा दर २,०४४.८९ डॉलर होता, ९० चा २,२९७.९६ आणि १०० चा ३,८३१.३०. ऐंशीवरून नव्वदला जाताना सुमारे २५३ डॉलरांची वाढ, तर नव्वदवरून शंभरला जाताना १,५३३.३४ डॉलरांची. पूर्ण भरपाईचा हा जवळजवळ दोन-पंचमांश भाग केवळ शेवटच्या एका पायरीवर ठेवलेला आहे. आणि गुणाकाराचा स्वभावच असा की, शंभराच्या जवळ जावे तसतशी प्रत्येक पायरी उंच होत जाते. पैसा जेथे सर्वांत अधिक आहे, नेमके तेथेच कोष्टक सर्वांत अधिक कृपण होते.

एक उदाहरण घेऊन हे पाहावे. एका माजी सैनिकाच्या दोन इजा ७० व ५० टक्क्यांच्या आहेत. संयुक्त मूल्य ८५ आणि श्रेणी ९०. पुढे त्याच्या तिसऱ्या इजेला ६० टक्के मान्य झाले. क्रमाने ७०, ६० व ५० घेतल्यास मूल्य ९४ येते आणि श्रेणी ९० च राहते. जी इजा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला एकटी आली असती तर तिच्यासाठी महिना १,३९५.९३ डॉलर मिळाले असते, ती या माणसाच्या रकमेत एका सेंटचीही भर घालीत नाही. त्यानंतर एखाद्या किरकोळ विकाराचे १० टक्के मान्य झाले, तर ९४ चे ९५ होतात आणि ९५ चे १००. साठ टक्क्यांनी जे साधले नाही ते दहा टक्क्यांनी साधले! हाच किरकोळ विकार साठच्या आधी मान्य झाला असता तर त्यानेही काही साधले नसते, कारण तेव्हा ८५ चे ८७ झाले असते. दुखण्याची किंमत त्याच्या तीव्रतेवर अवलंबून असावी हे समजण्यासारखे आहे. ती मंजुरीच्या अनुक्रमावर अवलंबून असावी, याचे समर्थन कोणत्याही वैद्यकीय वा आर्थिक तत्त्वाने होण्यासारखे नाही.

यात गुणाकाराइतकाच वाटा पूर्णांकनाचा आहे. जवळच्या दशकाला आणणे हा नियम वरून निःपक्षपाती दिसतो, परंतु पायऱ्यांची उंची सारखी नसेल तर त्याचा परिणाम निःपक्षपाती राहत नाही. पाचव्या वेतन आयोगानंतर भारतात १ जानेवारी १९९६ पासून सैनिकांच्या अपंगत्वासाठी जे पूर्णांकन मान्य झाले, त्याची दृष्टी याहून वेगळी होती. पन्नासाहून कमी असेल तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत पंचाहत्तर आणि त्यापुढे शंभर, अशी ती योजना. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ दिला. त्या योजनेत अपूर्णांक नेहमी वरच्याच दिशेने जातो. ती खर्चिक व ढोबळ आहे असे कोणी म्हणेल. तथापि चौऱ्याण्णव आणि पंच्याण्णव यांच्यामध्ये दरी खणण्याचे पातक तिच्याकडून घडत नाही.

पूर्णांकनाचा दोष दर बदलून दूर करता येईल. याहून खोल आक्षेप आहे तो गुणाकाराच्या गृहीतकावर. दुसरी इजा फक्त उरलेल्या क्षमतेवर आघात करते, हे विधान इजा परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे ठरते. मानवी देह असा स्वतंत्र कप्प्यांचा बनलेला नाही, आणि गंमत अशी की हे परिशिष्टालाही ठाऊक आहे. एक कान पूर्ण बहिरा व दुसरा धड असेल तर परिशिष्ट १० टक्के देते. गुणाकाराच्या न्यायाने दोन्ही कान गेल्यास १९, म्हणजे २० व्हावेत. परिशिष्ट देते १००. एका डोळ्याला केवळ उजेड कळतो आणि दुसऱ्याची दृष्टी चांगली आहे, अशा स्थितीत ३० टक्के मिळतात. दोन्ही डोळ्यांची तीच अवस्था झाल्यास गुणाकार ५१ सांगेल, परिशिष्ट १०० सांगते. याचे कारण उघड आहे. दुसरा कान हा उरलेल्या क्षमतेचा एक अंश नव्हे. पहिला गेल्यावर उरलेली सगळी श्रवणशक्ती त्याच्याच ठायी असते. जोडीच्या इंद्रियांपैकी एकाची हानी सेवेत झाली आणि दुसऱ्याची सेवेबाहेर, तरीही काही प्रसंगी दोन्ही सेवेतीलच मानावीत, इतके औदार्य कायद्याने दाखविले आहे.

अवयवांचे हे परस्परावलंबन डोळ्यांना दिसते तेथे परिशिष्ट गुणाकार बाजूला ठेवते; ते दिसत नाही तेथे गुणाकार निर्वेधपणे चालतो. गुडघा व पाठ, मेंदूला बसलेला मार व झोपेचा विकार, सततची वेदना व खिन्नता यांचे नाते कानांच्या जोडीइतके ठसठशीत नसते, पण ते कमी खरे नसते. दुय्यम इजेच्या बाबतीत तर ही विसंगती फारच उघडी पडते. अधू गुडघ्यामुळे चालण्याचा तोल बिघडला आणि त्यातून खुबा निकामी झाला, तर तो खुबाही सेवाजन्य मानण्याचा नियम आहे. त्यासाठी अर्जदाराने एकीतून दुसरी इजा उद्भवली हे वैद्यकीय पुराव्याने दाखवावयाचे असते. पुरावा मान्य झाला की दोन्ही आकडे कोष्टकात जातात, आणि तेथे दोन्ही इजा एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या असा हिशेब होतो.

या उणिवेची जाणीव नियमकर्त्यांना नव्हती असे म्हणता येणार नाही. दोन्ही हातांना किंवा दोन्ही पायांना इजा असेल तर त्यांच्या संयुक्त मूल्यात त्याच मूल्याच्या दहा टक्क्यांची भर साध्या बेरजेने घालावी, अशी तरतूद आहे. दोन्ही पायांचे दहा-दहा टक्के असतील तर १९ अधिक १.९, म्हणजे २१. ६० व २० टक्क्यांच्या आणखी दोन इजा असल्यास मूल्य ७४ होऊन श्रेणी ७० च येते. उपकार फार मोठा नाही. किंबहुना काही विरळ प्रकरणांत ही भर घातल्याने एकूण श्रेणी उलट खाली येते असे आढळले, आणि एप्रिल २०२३ मध्ये, अशा वेळी ती भर वगळावी, अशी दुरुस्ती करावी लागली. सवलतीनेच नुकसान होऊ शकते, असे ज्या गणितात घडते त्याच्या रचनेविषयी याहून बोलका पुरावा शोधण्याचे कारण नाही.

कोष्टकाला दिलेली सर्वांत मोठी बगल म्हणजे बेरोजगारक्षमतेचा नियम. सेवाजन्य इजांमुळे स्थिर व निर्वाहापुरते काम करणे अशक्य झाले असेल, तर श्रेणी शंभराहून कमी असतानाही भरपाई शंभराच्या दराने देता येते. त्यासाठी एकच इजा किमान ६० टक्क्यांची, किंवा अनेक इजांपैकी एक किमान ४० ची व संयुक्त श्रेणी किमान ७० ची असावी लागते. ही अट न बसणारी प्रकरणेही अपवाद म्हणून पुढे पाठविता येतात. वर वर्णिलेल्या ७०, ६० व ५० च्या माणसाला हे दार उघडे आहे, परंतु तो काम करीत नसेल तरच. मोडक्या देहाने जो पूर्णवेळ नोकरी रेटतो त्याला कोष्टकाखेरीज गती नाही. १९१७ पासून ‘सरासरी’ माणसाची हानी मोजणारी व्यवस्था येथे एकाएकी व्यक्तीच्या प्रत्यक्ष कमाईकडे वळते, आणि कमाई करणे हाच अर्जदाराचा दोष ठरतो.

याच नियमात ‘एक इजा’ कशाला म्हणावे याची व्याख्या दिली आहे, ती मुळातून वाचण्यासारखी आहे. दोन्ही हातांच्या किंवा दोन्ही पायांच्या इजा, एकाच अपघातातून वा एकाच कारणातून उद्भवलेल्या इजा, देहाच्या एकाच संस्थेतील इजा, रणांगणावर झालेल्या अनेक जखमा, युद्धकैदी असताना जडलेल्या अनेक व्याधी, या सर्व येथे एकच मानावयाच्या आहेत. एका घटनेतून आलेले दुःख अनेक नावांनी नोंदले गेले तरी ते एकच असते, हे या परिच्छेदाला कळलेले आहे. संयुक्त मूल्यांकनाचे कोष्टक त्याच नियमसंग्रहात काही पाने पुढे आहे, आणि रणांगणावरच्या त्याच जखमा तेथे पुन्हा सुट्या होऊन, तीव्रतेच्या क्रमाने, एकामागून एक उभ्या राहतात.